चौदा रिकामे तुकडे

फोन सकाळपासून पाचव्यांदा थरथरला, तेव्हा तिने तो उलटा करून फायलीखाली सरकवला.

"उचला हो," शेजारच्या टेबलावरून कांदेबुवा म्हणाले. "टेबलाला भोक पडेल."

सांख्यिकी विभागात माणसांना पिकावरून हाक मारायची पद्धत होती. कांद्याचे आकडे बघणारे ते कांदेबुवा आणि एकोणीस वर्षं उन्हाळी कोबी सांभाळणारी ती कोबीताई. यंदा किती जमिनीवर कोबी आहे, हा तिचा आकडा उद्या अकरा वाजता जाहीर होणार होता. तोवर तो घरच्यांनाही सांगायचा नाही, असं दर वर्षी ती सही करून लिहून देत असे.

तिने फोन घेतला. दादाच होता.

"घटलं की वाढलं, एवढंच सांग. आकडा नको मला."

"दादा, उद्या अकराला."

"उद्या नऊला सौर कंपनीवाले सही घ्यायला येतायत. वीस वर्षांसाठी जमीन त्यांची. एवढी शिकलीस, आणि सख्ख्या भावाला एक शब्द सांगताना तुझ्या तोंडाला कुलूप?"

मग फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि वहिनी बोलायला लागल्या. "वन्सं, घटलं असेल तर भाव मिळेल, आम्ही कोबी लावतो. वाढलं असेल तर बसू देत ती पॅनेलं. पण काहीतरी बोला बाई. हे नुसते येरझारा घालतायत, माझी फरशी झिजली."

तिने "बघते" म्हणून फोन ठेवला.

समोर पडद्यावर उत्तर होतंच. घटलं. एकदम सोळा टक्के.

उन्हाळ्यात कोबी टिकतो तो फक्त वरच्या थंड पठारावर. उष्णता वर्षावर्षाला थोडी वर चढत होती, थोडी जमीन पॅनेलांखाली जात होती आणि क्षेत्र दर वर्षी दोन-तीन टक्के घटत होतं. त्या रेषेचा उतार तिला स्वतःच्या हस्ताक्षरासारखा ओळखीचा होता. सोळा त्यात बसत नव्हतं. साहेब मात्र खूश होते. "बातमी आहे ही, बातमी!" असं म्हणून ते दोनदा येऊन गेले होते.

ती पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली आणि न पिताच परत आली. एक शब्द. तेवढ्याने दादाची जमीन दादाकडे राहणार होती. एकोणीस वर्षांत तिने कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि त्यातून भावाला काय मिळालं होतं? ती फोन घेऊन जिन्यात आली. नंबरही काढला. मग वाटलं, नियम मोडायचाच आहे तर निदान खरं तरी सांगू. पुन्हा एकदा तपासू.

ती परत टेबलाशी आली आणि घट कुठून आली ते शोधू लागली. पठारावरच्या चौदा तुकड्यांतून. पाहणीतला एकेक तुकडा आजूबाजूच्या साठ शेतांच्या वतीने बोलत असे. मुख्यालयात फक्त तुकड्यांचे क्रमांक यायचे. मालकांची नावं पाहणी करणाऱ्याकडेच राहायची, म्हणजे कोणाला फेरफार करायचा मोह नको. चौदाही क्रमांकांपुढे एकच शब्द होता: रिकामे.

तिने फोटो उघडले. जमीन पडीक नव्हती. वाफे ओढलेले होते, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या होत्या, माती ओली काळी होती. ताटं मांडून ठेवावीत आणि जेवायला कोणी बसू नये, तशी शेतं.

तिने पाहणी करणाऱ्याला फोन लावला. "रिकामं का लिहिलंत?"

"नियम तुमचाच ना, बाई? पाहणीच्या दिवशी जमिनीत रोप असेल तर कोबी, नसेल तर रिकामं. यांची रोपं अजून ट्रेमध्ये आहेत. पस्तीस दिवसांची झाली. आणखी चार दिवस गेले तर गड्डा धरायची नाहीत."

"मग लावत का नाहीत? पाणी नाही?"

"पाणी आहे, मजूर आहेत. थांबलेत सगळे." तो हसला. "इथल्या एकाची बहीण आहे म्हणे तुमच्या मुख्यालयात. ती घटलं म्हणाली तर लावायचं, वाढलं म्हणाली तर पॅनेलवाल्यांना द्यायचं. तो घरोघरी सांगून आलाय, घाई करू नका, मी विचारतो. अख्खं पठार त्याच्या तोंडाकडे बघतंय."

फोन ठेवून तिने त्या चौदा तुकड्यांत कोबी धरला आणि गणित पुन्हा केलं. घट गेली. यंदा सगळ्यांनीच वाफे ओढल्यामुळे उलट दीड टक्का वाढ दिसायला लागली. ती "घटलं" म्हणाली तर सगळे लावणार, आणि ते खोटं ठरणार. "वाढलं" म्हणाली तर कोणीच लावणार नाही, आणि तेही खोटं ठरणार.

ती उठून साहेबांकडे गेली. उद्याचा आकडा थांबवावा लागेल, पठाराची पाहणी पंधरा दिवसांनी पुन्हा करावी लागेल, असं तिने सांगितलं.

"अहो, माझी बातमी!" साहेब कळवळले. पण चौदा फोटो बघून त्यांनी सही केली.

मग जिन्यात येऊन तिने दादाला फोन लावला. त्याच्यामागे बऱ्याच माणसांचा गलका चालला होता. त्याने "शू, शू, तिचाच आहे" म्हटल्याबरोबर गलका थांबला.

"हं, बोल," दादा म्हणाला. "घटलं की वाढलं?"

"तुम्ही सगळ्यांनी ते अजून ठरवलेलं नाही, दादा."