शेवटची तोंडी परीक्षा

जनसंवादाच्या पदवीची शेवटची तोंडी परीक्षा. याच विषयात आल्दाना एकदा नापास झालेली. नाव काही पुकारेनात, बाकावर बसवेना. जरा वारा लागावा म्हणून ती रोसारियो शहरातल्या आपल्या कॉलेजच्या दारात आली.

"झाली गं बाई माझी पोर पदवीधर!" बाहेर वाट बघत उभी असलेली आई तिला दारात बघताच किंचाळली. तिथल्या रिवाजाप्रमाणे पास झालेल्याच्या डोक्यावर फोडायची अंडी, पीठ, केचप, सगळं मामा-मावश्यांनी तिच्यावर रिकामं केलं.

"अगं आई, थांब, माझी अजून—"

"फेर्रेयरा, आल्दाना!" आतून हाक आली.

ती तशीच, पिवळे ओघळ पुसत परीक्षक बाईंसमोर बसली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.




"हं, सांग बघू. निरोप वेळेआधीच पोचला, तर काय होतं?"