गास्तोंची जागा

ओदेत फाटकापाशी येऊन थांबली. आत आली नाही.

"मला जागा दाखवा," ती म्हणाली.

फेर्नां लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. शाळेत एका बाकावर बसायचे तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करायची; आज 'दाखवा' म्हणाली.

"कुठली जागा?"

"माहीत नसल्यासारखं करू नका. गास्तों पडला ती. पोलिसांनी नकाशावर फुली दाखवली. मला नकाशातलं काय कळतंय? आणि फुलीशी बोलू तरी काय?"

गेल्या पानगळीत रानडुकरांचा हाका चालू असताना झुडपात काहीतरी काळं हललं आणि फेर्नांने बार काढला. ते डुक्कर नव्हतं. अळंबी खुडायला वाकलेला ओदेतचा नवरा होता.

दोघं जंगलात शिरली. नोव्हेंबर सरत आला होता, पानं भिजून वाटेला चिकटली होती. फेर्नां पुढे, ओदेत मागे.

"जरा हळू. पळताय कुठे?"

तो हळू चालू लागला. पुढे वाट फुटत होती. डावी ओढ्याकडे उतरत होती. फेर्नां उजवीकडे वळला.

चढावर एक थोरला ओक होता. त्याच्याखाली जमीन कोरडी होती, थोडं ऊनही आलं होतं.

"इथे," तो म्हणाला.

ओदेत बराच वेळ सगळीकडे बघत राहिली. "बरी आहे की. मला वाटायचं, कुठेतरी चिखलात पडला असेल. चिखलाचा फार तिटकारा त्याला. न सांगता बूट दाराबाहेर काढणारा नवरा अख्ख्या गावात माझाच."

फेर्नांने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"तो काही म्हणाला?"

"नाही. लगेच गेला."

"म्हणजे मला बोलवायलाही वेळ नव्हता."

"नव्हता."

गास्तों ओढ्याकाठी पडला होता, चिखलात, काटेरी जाळीत. तिथून ओदेतच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिसतं. त्या दिवशी त्यातून धूर निघत होता. "ओदेतला हाक मार," गास्तों म्हणत होता. आवाज बसेपर्यंत म्हणत होता. हाक मारली असती तर ती वेळेवर पोचली असती. पण ती येईल आणि आपल्याकडे बघेल, या धास्तीने फेर्नांचं तोंडच उघडलं नाही. बाकीचे शिकारी आले तेव्हा सगळं संपलं होतं.

ओदेत गुडघ्यांवर बसली. पानं बाजूला सारून तिने उघड्या मातीवर तळवा टेकला आणि पुटपुटत काहीतरी बोलली. फेर्नांने टोपी काढली. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

ती उठली. स्कर्टला लागलेली माती तिने झटकली नाही.

"गावात कुणी तुझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे मला. आता मीच सांगेन त्यांना. निदान तू खरं तरी सांगितलंस." मग थोड्या वेळाने, "दर वर्षी आणशील मला इथे?"

"आणीन," फेर्नां म्हणाला.

उतारावर ओल्या पानांवरून तिचा पाय सटकला. आधारासाठी तिने हात पुढे केला. फेर्नांने बंदुकीचा चाप ओढलेला उजवा हात खिशात घातला आणि डावा दिला.