दोराचं खालचं टोक

थोरलीच्या टाचेखालचा दगड हलला.

ती कड्याच्या मध्यावर दोराला लटकली होती. जरा दम घ्यावा म्हणून तिने एका कंगोऱ्यावर डावा पाय टेकला, आणि पाटाएवढी शिळा कड्यातून सुटून तिच्या बुटाखाली सरकली. तिने पाय दाबून धरला. शिळा थांबली. पाय काढला की ती खाली जाणार, हे उघड होतं.

तिने खाली पाहिलं. तिची मुलगी प्रेक्षकांना अडवणारी पिवळी पट्टी ओलांडून कड्याच्या पायथ्याशी आली होती. हातात पाण्याची बाटली, मान वर, चेहऱ्यावर हसू. नेमकी शिळेच्या खाली.

“मागे हो,” थोरली ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला कळलं की त्याचा उपयोग नाही. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

पट्टीपलीकडून शाळेच्या शिक्षिका हाका मारत होत्या. कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. एक स्वयंसेवक धोंड्यांमधून ठेचकाळत धावत निघाला होता, पण तो फार लांब होता. मुलगी आईकडे बघून बाटली हलवत होती.

शर्यत मुलीच्याच, कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी होती. आधी सायकल, मग नदी, मग डोंगर आणि शेवटी हा कडा. जोडीतल्या दोघांनी मिळून शेवटची रेघ ओलांडली, तरच देणगीदार त्यांच्या नावाने शाळेला पैसे देणार होते. मुलांना ने-आण करायला गाडी घ्यायची होती. थोरलीने धाकट्या दिराबरोबर नाव दिलं होतं. ऐन वेळी त्याचा घोटा मुरगळला आणि त्याच्या जागी त्याची बायको उभी राहिली.

थोरलीला ते मनातून रुचलं नव्हतं. धाकटी जाऊ बँकेत नोकरीला होती, बोलायला तुटक. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी पुतणीशी खुणांनी बोलायला शिकली नव्हती. ‘जेवलीस का’ आणि ‘झोप आता’ यापुढे तिचे हात अडखळायचे. थोरली शिलाईच्या दुकानात मशीनवरून मान न उचलता गिऱ्हाइकांना सांगायची, “आमच्या धाकटीला माणसांची ॲलर्जी आहे.”

आता तीच धाकटी खाली दोराचं टोक धरून उभी होती. उतरणारा माणूस उजव्या हाताने दोर थोडा थोडा सोडत येतो. तो हात सुटला, तर खालच्याने दोर ताणायचा, म्हणजे वरचा जागच्या जागी अडकतो. सकाळी प्रशिक्षकाने दोघींकडून हे करून घेतलं होतं.

“दोर सोड,” थोरली किंचाळली. “आधी तिला ओढ. माझं मी बघते.”

धाकटीने वर पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. पण ती स्वतः जागची हलली नाही.

“अगं, ऐकू येत नाही का तुला? पळ.”

धाकटीने दोर कमरेमागून घेतला, पाय रोवले आणि पूर्ण वजन टाकून मागे रेलली.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःचं मूल असतं तर ही अशी खुंटासारखी उभी राहिली असती का? बुटाखालून खडे निसटत होते. मांडी लटलटायला लागली होती. पाय आणखी किती टिकेल, याचा नेम नव्हता. खुणांना दोन्ही हात लागणार होते, आणि उजवा सोडला, तर ती स्वतः खाली जाणार. धाकटी आपल्याला धरून ठेवेल, असा भरवसा तिला आता उरला नव्हता.

तिने दोन्ही हात सोडले.

मागे जा. पळ. वरून दगड. बोटं, तळवे, कोपरं सगळं एकदमच बोललं. बोलता बोलता ती पडण्याची वाट पाहत होती. ती पडली नाही. बोटभरही खाली सरकली नाही. दोर सळईसारखा ताठ होता.

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाटली टाकून ती वळली आणि धावत सुटली.

थोरलीचा पाय निसटला. शिळा कड्यावर आपटून फुटली. मोठा तुकडा मुलगी उभी होती तिथे पडला. दुसरा उडून धाकटीच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यांवर आली. दोर ताठच राहिला.

थोरली खाली उतरली, तेव्हा मुलगी तिला येऊन बिलगली. शर्यतीवरच्या डॉक्टरांनी धाकटीचा हात गळ्यात बांधला. हाड शाबूत दिसतंय, म्हणाले, पण एक्स-रे काढून घ्या. “चालता येतंय मला,” धाकटी म्हणाली आणि उठली. रेघ समोरच्या माळापलीकडे होती. दोघी सगळ्यांत शेवटी पोहोचल्या. बाकीचे लोक पांगले होते. शाळेची मुलं मात्र थांबली होती. त्यांनी हात उंच करून हवेत हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात.

दोघी गवतावर बसल्या. थोरलीने पाण्याचा पेला धाकटीच्या चांगल्या हातात दिला. मग तिला राहवलं नाही.

“मी दोर सोड म्हणाले, तेव्हा का नाही सोडलास?”

धाकटीने दोन घोट घेतले.

“मी तिच्याकडे धावले असते, तर ती खेळ समजून तिथेच हसत उभी राहिली असती. मला कुठे बोलता येतं तिच्याशी? तिला तुमचेच हात ऐकू येतात, वहिनी. ते मोकळे राहायला हवे होते.”