खटका नसलेला गिअर

"माझ्या सायकलचा मागचा गिअर कुणी काढला?" सायकलच्या दुकानात शिरताच बाबा कडाडले.

"मी!" दुकान चालवणारी लेक ओरडली. हल्ली ती बापाशी ओरडूनच बोलायची, आणि तेच त्यांच्या डोक्यात जायचं. "हा नवा बसवलाय, पुढच्या पिढीचा आहे. गिअर पडला की बोटाला खटका कळतो!"

"खटके शिकाऊंना लागतात! मी बिनखटक्याच्या गिअरवर शर्यती मारल्यात. साखळी कुरकुरली की गिअरची दांडी केसभर सरकवायची. कान लागतो त्याला, कान! बसव परत!"

लेकीने दातओठ खात जुना गिअर बसवला, सायकल टांगली आणि पेडल फिरवलं. बाबांनी ऐटीत दांडी सरकवली.

समोरचा शिंपी कानांवर हात ठेवून दारात आला.

"ऐक," बाबा गरजले, "आहे का कुठे कुरकुर?"