विहीणबाईंना मुंबई दाखवताना

आपल्याला आयुष्यात कुणाचा कधी हेवा वाटला नाही, असं प्रेमाताईंनी राणीच्या बागेत, पेंग्विनांच्या काचेसमोर उभं राहून गंभीरपणे जाहीर केलं. पेंग्विनांनी ते ऐकून घेतलं. तेवढ्यात प्रेमाताईंचा मुलगा देवेश गर्दीतून वाट काढत सासूला म्हणाला, "मम्मी, पुढे या, इथून नीट दिसतील," आणि प्रेमाताईंचं पेंग्विनांवरून लक्ष उडालं.

घाटकोपरला जन्म काढलेल्या आईसाठी देवेशने कधी रविवार मोडला नव्हता. साताऱ्याहून काल आलेल्या सासूसाठी मात्र सकाळी गेटवे, मग पेंग्विन, आणि दुपारी महालक्ष्मीला डर्बीच्या शर्यती. ऑफिसातून तीन पास मिळाले होते. सून श्वेताची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणूनच तिसरा पास आपल्या वाट्याला आला, हे प्रेमाताईंनी स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

बागेबाहेर देवेशने सासूला उन्हाची टोपी घेतली. निळी, फीत लावलेली.

"आई, तुला नको ना? तू पदर घेतेस."

"मला काय करायचीय," प्रेमाताई म्हणाल्या.

खरा प्रश्न टोपीचा नव्हता, खोलीचा होता. देवेश मुलुंडला फ्लॅट घेत होता, दोन बेडरूमचा. एक त्या दोघांची. दुसरी कुणाची, हे कुणी बोललं नव्हतं आणि प्रेमाताईंनी विचारलं नव्हतं. पोटच्या पोराला असलं विचारायचं म्हणजे दारात उभं राहून हात पसरण्यासारखं. सध्या त्या हॉलमध्ये झोपत, टीव्ही बंद झाला की. आणि विहीण माधुरीताई नुकत्याच शाळेतून रिटायर झालेल्या, घरात एकट्या. अशा बाईला जावई उगाच मुंबई दाखवतो होय?

तेव्हा विहीणबाईंना मुंबईचा वीट आणायचा, एवढं प्रेमाताईंनी भायखळ्यालाच ठरवलं.

महालक्ष्मीच्या अलीकडे टॅक्सी अडकली. साऱ्या शहराच्या गाड्या घोडे बघायला निघाल्या होत्या.

"बघा, ही अशी वाट लागते रोज," प्रेमाताई म्हणाल्या. "श्वास घेतला की धूर. आमच्या गावाला या एकदा. कणकवली सोडली की हवाच वेगळी."

"घर आहे ना तिथे अजून?" माधुरीताईंनी विचारलं.

"आहे म्हणजे? अंगण आहे, विहीर आहे, दारात माड. सकाळी पडवीत चहा घेऊन बसावं, दुसरं काय पाहिजे माणसाला?"

"पण आता राहतं कोण?"

"मी राहीन ना. उद्या चला म्हणा, उद्या निघते."

"एकट्या?"

"एकटी कशी? आख्खी वाडी आहे. इथे नुसता पिंजरा हो. मुलुंडला तर सोळावा मजला. माझा जीव वर चढायच्या आधीच घाबरा होतो. तुमचाही होईल."

पुढच्या सीटवरून देवेशने एकदा वळून बघितलं.

मुंबईत राहून गावाचे गोडवे गाणं हा कोकणी माणसाचा जन्मसिद्ध हक्क. ते कुणी खरं मानत नाही; ऐकणारा कोकणी असला तर तोही आपल्या गावाचे गातो आणि दोघं आपापल्या खोलीवर परत जातात. प्रेमाताई गणपतीला गावी जायच्या आणि दुसऱ्यांदा लाईट गेली की विसर्जनाची वाट बघायच्या. पण माधुरीताई घाटावरच्या. तिकडे माणूस जे बोलतो तेच त्याच्या मनात असतं, असा समज आहे.

रेसकोर्सवर सुपाएवढ्या टोप्या घातलेल्या बायका होत्या. घोडे आले, धुरळा उडाला, लोक ओरडले, संपलं. कोण जिंकलं ते प्रेमाताईंना कळलं नाही. माधुरीताई चहा आणायला म्हणून देवेशबरोबर गेल्या आणि तिकडेच कठड्याशी उभ्या राहिल्या. डोक्याला डोकं लावून बोलणं चाललं होतं. देवेश मान हलवत होता. आईचं बोलणं ऐकताना त्याने अशी मान कधी हलवली नव्हती. चहा आला तेव्हा गार झाला होता. प्रेमाताईंनी तो तसाच प्यायला.

बाहेर पडताना माधुरीताई म्हणाल्या, "चला, मला दादरला सोडा. साताऱ्याची गाडी आहे माझी."

प्रेमाताई थबकल्या. "आज? अहो, राहायचं की चार दिवस."

"नको बाई. मला इथे दोन दिवसांवर करमत नाही. आणि गावातल्या पोरींच्या शिकवण्या सुरू होतायत उद्यापासून."

"मग मे महिन्यात तरी या," प्रेमाताई म्हणाल्या. आता म्हणायला काही हरकत नव्हती.

बसच्या पायरीवरून माधुरीताईंनी त्यांचा हात धरला. "नशीबवान आहात, ताई."

बस गेली. प्रेमाताईंनी मुलुंडच्या खोलीत मनातल्या मनात खिडकीला पडदा लावला. हिरवा, फुलांचा.

घाटकोपरच्या टॅक्सीत देवेश पुढे न बसता त्यांच्या शेजारी बसला. बराच वेळ फोनवर काहीतरी करत होता.

"आई, मीच बोलावलं होतं मम्मींना. मला तू सरळ सांगितलं नसतंस. त्यांना म्हटलं, तिच्या मनात काय आहे तेवढं काढून घ्या."

"म्हणजे?"

"दुसरी बेडरूम तुझीच धरली होती मी. पण तुझा जीव गावात आहे, तर मी कशाला अडवू? बिल्डरला कळवलं, एकाच बेडरूमचा द्या. वाचतील त्या पैशांत तुझ्या गावच्या घराची कौलं होतील." त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. कणकवलीचं तिकीट एप्रिलचं मिळालं होतं, खिडकीजवळचं.