चौथी हाक

"सर, कॉम्प्युटरला चारपर्यंत मोजता येतं का?"

शेजारच्या बाकावरच्या उर्वशीने पैज लावली म्हणून मी हे भर वर्गात विचारलं. सगळे हसले. सर हसले नाहीत.

स्नेहसंमेलनासाठी मी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतानाचं, गाणं शाळेच्या कॉम्प्युटरवर स्वरलिपीत उतरवत होते. आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाळ्याची बाबांकडची दोरी बाबा धरून चौघे ओढतात. गाण्यात प्रत्येकाची एकेक हाक, चौथी बाबांची. म्हणून टाइम सिग्नेचर, म्हणजे तालाचं माप, चार मात्रांची. पण फाइल पुन्हा उघडली की प्रत्येक खान्यात तीनच मात्रा, आणि बाबांची हाक गायब.

सरांनी सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, मग मशीनही बदललं. तीनच.

दुसऱ्या दिवशी रापण होती. आदल्या संध्याकाळी जाळं शिवता शिवता बाबांनी मला सगळं गाणं एकट्याने म्हणून दाखवलं. आई ताल धरून होती. तिच्या टाळ्या चार पडल्या. हाका मी मोजल्या, तीन.

"बाबा, तुमची हाक?"

"मारलंय मा. ऐकूक नाय तू?"

"कान धू गो जरा," आई म्हणाली.

चौथ्या टाळीला बाबांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं. गळ्याची शीरही ताणली होती.

"उद्या बाबांका दर्यार जाऊक देवचंय नाय. दोरीवर त्यांच्या जागी मी उभी रवतलंय," मी दोघांना सांगितलं.