लोखंडी माणूस

समुद्रकाठच्या रस्त्यावर मांडलेल्या नव्या शिल्पांत एक उंच लोखंडी माणूस होता, पाण्याकडे तोंड करून उभा. त्याला ना नाक ना डोळे, पण विसराळू झालेल्या सासूबाईंनी त्याला पाहताक्षणी ओळखलं. "अगं, हा इथे उभाय, आणि आपण गावभर शोधतोय!"

त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी बोटीसकट बुडाला होता. हे सांगायला सुनेची जीभ रेटेना. मग रोज संध्याकाळी ती त्यांना तिथे नेऊ लागली. सासूबाई त्या गार पायांवरून हात फिरवत, "जेवलास का?" विचारत आणि घरी येऊन निवांत झोपत.

एक दिवस दोघी पोचल्या, तर तिथे क्रेन उभी.

"साहेब, एवढा एक राहू द्या हो," सून क्रेनजवळच्या मुकादमापुढे गयावया करू लागली.

"ताई, प्रदर्शन संपलं. सगळी शिल्पं पुढच्या शहरात चालली. माझ्या हातात काय आहे?"

लोखंडी माणूस ट्रकमध्ये आडवा झाला. आता यांना कसं आवरायचं, म्हणून सुनेने सासूबाईंना घट्ट धरलं.

 

ट्रक वळेपर्यंत सासूबाई हात हलवत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल. या वेळी निदान निरोप तरी देता आला."